ओझर ते मुंबई, आणि मधे एक प्रोसेसर

२२ डिसेंबर २०२४ च्या रविवारी संध्याकाळी मी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या संगणकावरच्या विमान उडवण्याच्या खेळात नाशिकजवळच्या ओझरच्या विमानतळावरून निघून मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे येत होते. घाटकोपरच्या वस्तीवरून विमान खाली येऊ लागले आणि नेहमीप्रमाणे पडद्यावरचे चित्र अडखळू लागले. जॉयस्टिक डावीकडे दाबली की विमान क्षणभराने वळे, तोवर मी ती आणखी दाबलेली असे, आणि मग विमान हवे त्याहून जास्त वळे. शेवटी धावपट्टीच्या उजव्या अंगाला गवतात चाके टेकली. दोन वर्षे हे असेच चालले होते आणि दर वेळी मी चित्राचा दर्जा थोडा खाली आणून वेळ मारून नेत होते. त्या संध्याकाळी मात्र संगणकाचे काय ते एकदा नीट करायचे असे मी ठरवले. त्याला बरोबर आठ आठवडे लागले. माझ्यासारखेच आकड्यांच्या आणि नावांच्या जंगलात अडकलेल्या कुणाला तरी उपयोग व्हावा म्हणून ते आठवडे क्रमाने लिहून ठेवते आहे.

मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात हिशेब विभागात काम करते. संगणकाचे शिक्षण घेतलेले नाही. घरचे यंत्र २०१९ सालचे होते: इंटेलचा कोअर आय५-९४००एफ प्रोसेसर, म्हणजे सहा कोअर (काम करणारे स्वतंत्र भाग) आणि सहाच थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे), १६ जीबी रॅम आणि मागाहून बसवलेले, पडद्यावरचे चित्र काढणारे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. ज्याला विचारावे तो एकच उत्तर देई, की ग्राफिक्स कार्ड बदला. माझा धाकटा भाऊ याच यंत्रावर काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. त्याचेही म्हणणे तेच होते: "ताई, कार्डच जुने झाले आहे, प्रोसेसरकडे कुणी बघत नाही."

हिशेबाच्या कामात एक सवय लागते, की फरक कुठे आला हे सापडल्याशिवाय नोंद दुरुस्त करायची नाही. म्हणून आधी मोजायचे ठरवले. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू केला की वर एक पट्टी येते आणि तिच्यातून फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रे उमटतात याचा, तक्ता पडद्यावर ठेवता येतो. त्या तक्त्यात फ्रेम कशामुळे अडते आहे ते लिहूनच येते. माझ्याकडे मुंबईजवळ येताना तिथे ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ असे दिसत होते आणि फ्रेमचा आकडा २४ ते २६ च्या दरम्यान होता. मेनथ्रेड म्हणजे प्रोसेसरचे काम. तरीही खात्री करावी म्हणून रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणले. कार्ड अडवत असते, तर त्याचे काम निम्म्याहून कमी झाल्यावर फ्रेम वाढायला हव्या होत्या. आकडा हलला नाही. चित्र धूसर झाले आणि अडखळणे तसेच राहिले.

ही चाचणी फुकट आहे, पंधरा मिनिटांची आहे आणि कुठल्याही खेळात करता येते. फक्त व्ही-सिंक (फ्रेमचा आकडा मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा आधी बंद करावी, नाहीतर आकडा त्या मर्यादेलाच चिकटून राहतो आणि निष्कर्ष चुकतो. भावाच्या खेळातही तीच तऱ्हा निघाली. त्याचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखवू शकणारा आहे, पण धूर आणि गर्दीच्या जागी रिझोल्यूशन कितीही उतरवले तरी फ्रेम शंभराच्या वर जात नव्हत्या. कार्डावर चाळीस-पन्नास हजार घालण्याच्या बेतात आम्ही होतो आणि त्यातून काहीच सुधारले नसते.

पैसे घालण्यापूर्वी आहे त्याच यंत्रातून काय निघते तेही पाहिले. सिम्युलेटरमध्ये आकाशातली इतर विमाने आणि जमिनीचा तपशील किती दूरवर काढायचा ही मर्यादा, या दोन गोष्टींचा भार मुख्यतः प्रोसेसरवर पडतो. दोन्ही बऱ्याच खाली आणल्यावर आकडा ३१ पर्यंत गेला, पण ठाण्याच्या खाडीपलीकडचे शहर सपाट होऊन गेले. ज्यांचे तेवढ्यावर भागत असेल त्यांनी खर्च करूच नये असे माझे प्रामाणिक मत आहे. माझे भागत नव्हते.

डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस वाचनात गेले. सुरुवातीला मी कोअरच्या संख्येने भारावून गेले होते. चोवीस कोअर म्हणजे सहाच्या चौपट, असा हिशेब मनात होता. पण खेळाचे बरेचसे काम एकाच मुख्य धाग्यावर, एकामागून एक असे चालते. पोळ्या लाटणारी एकच बाई असेल तर चार तवे मांडून पोळ्या चौपट होत नाहीत. तिचा हात किती चालतो आणि लागणारे सामान तिच्या किती जवळ आहे, यावर सगळे ठरते. आठ कोअरच्या पुढचे कोअर व्हिडिओ बनवणाऱ्यांना किंवा मोठी गणिते चालवणाऱ्यांना उपयोगी पडतात. माझ्या खेळात ते बहुतेक वेळ रिकामेच बसले असते.

सामान जवळ असण्याचा मुद्दा म्हणजे कॅशे, आणि तो समजल्यावर माझी निवड खूप सोपी झाली. मिसळणाचा डबा शेगडीशेजारी असतो आणि मसाल्यांच्या बरण्या आतल्या कोठीत असतात. डब्यात हवी ती वस्तू नसली की उठून कोठीत जावे लागते आणि तेवढा वेळ फोडणी थांबते. प्रोसेसरच्या पोटातला एल३ कॅशे म्हणजे तो डबा आणि रॅम म्हणजे कोठी. एएमडीच्या साध्या आठ-कोअर रायझनमध्ये हा कॅशे ३२ एमबी असतो. नावात एक्स३डी असलेल्या आठ-कोअर प्रोसेसरमध्ये त्यावर ६४ एमबीचा आणखी एक थर रचून तो ९६ एमबी केलेला असतो. सिम्युलेटरसारख्या खेळात विमाने, हवामान, इमारती अशी शेकडो गोष्टींची माहिती प्रत्येक फ्रेमला पुन्हा पुन्हा चाळावी लागते. कोठीतल्या फेऱ्या कमी झाल्या की तिथे थेट फरक पडतो. ज्या खेळात सगळा भार कार्डावरच असतो, तिथे हाच मोठा डबा असून नसल्यासारखा ठरतो. म्हणूनच चाचणी आधी करून घ्यावी.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्यासमोर मोजकीच नावे उरली. इंटेलच्या चौदाव्या पिढीतला आय७-१४७००के वीस कोअरचा होता, पण पूर्ण भाराला २५३ वॅटपर्यंत जाणारा होता आणि यंत्राला वीज पुरवणारा माझा जुना एसएमपीएस ५५० वॅटचा आहे. शिवाय तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे प्रकरण २०२४ मध्ये गाजले होते. जास्त व्होल्टेजमुळे हे घडत असल्याचे इंटेलने मान्य केले, ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती झाली होती, पण त्या सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायच्या त्या जागेवर, पुढची पिढी येणार नव्हती, हे मला जास्त महत्त्वाचे वाटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली कोअर अल्ट्रा २०० मालिका वीज कमी खात होती. खेळांच्या चाचण्यांत मात्र ती आधीच्या पिढीच्याही पुढे फारशी जात नव्हती. उरले तीन रायझन: सहा कोअरचा स्वस्त ७६००, एप्रिल २०२३ मध्ये आलेला ७८००एक्स३डी आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला बाजारात आलेला ९८००एक्स३डी. तिघांचाही सॉकेट एएम५ (त्यामुळे बोर्ड आणि रॅमही नवे घ्यावे लागणार होते), आणि तो २०२७ पर्यंत तरी चालवू असे एएमडीने जाहीर केले आहे. म्हणजे चार वर्षांनी बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलण्याची वाट मोकळी राहते.

१२ जानेवारीला भिशीत माझा नंबर लागला आणि ७५,००० रुपये हातात आले. त्याच उत्साहात १७ जानेवारीला एका ऑनलाइन दुकानात ९८००एक्स३डी ५१,५०० रुपयांना मागवला. ‘तीन ते पाच दिवस’ असे लिहिले होते. पाचव्या दिवशी स्थिती ‘प्रक्रियेत’, आठव्या दिवशीही ‘प्रक्रियेत’. तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा वेगळे कारण मिळाले. २८ तारखेला माल उपलब्ध नसल्याने मागणी रद्द केल्याचा संदेश आला, आणि पैसे खात्यात परत यायला ६ फेब्रुवारी उजाडली. भिशीच्या पैशांतली एवढी मोठी रक्कम तीन आठवडे अडकून पडल्यावर रात्री झोप लागत नव्हती, हे लपवत नाही. तुटवड्याच्या दिवसांत मागणी नोंदवण्यापूर्वी दुकानाला फोन करून वस्तू प्रत्यक्ष हातात आहे का हे विचारावे आणि मागणी क्रमांकासह प्रत्येक संदेश जपून ठेवावा. परताव्यासाठी पाठपुरावा करताना मला तेच उपयोगी पडले.

त्या सक्तीच्या थांब्याचा एक फायदा झाला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मुलाकडे रायझन ७६०० चे यंत्र असल्याचे कळले. २ फेब्रुवारीच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले आणि ओझर ते मुंबई हेच उड्डाण, तीच वेळ, तेच हवामान आणि तीच सेटिंग ठेवून मोजले. त्याचे कार्ड वेगळे असल्यामुळे ७२० रिझोल्यूशनलाच मोजले, म्हणजे कार्डाचा प्रश्न येत नाही. आकडा ३७ ते ३९ आला. माझ्यापेक्षा तो बराच चांगला होता, आणि माझे पैसे कमी असते तर मी तिथेच थांबून ७६०० घेतला असता. त्याच्यासोबत कूलरही खोक्यात येतो. पण घाटकोपरवरून खाली येताना दोन ठिकाणी तोच ओळखीचा झटका बसला, आणि तक्त्यावर तेव्हाही मेनथ्रेडच होता.

आता प्रश्न ७८०० आणि ९८०० यांच्यातला होता. नव्यात कॅशेचा जास्तीचा थर कोअरच्या वर न ठेवता खाली ठेवला आहे, त्यामुळे कोअरची उष्णता कूलरकडे लवकर जाते आणि वेग ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत नेता येतो. जुन्यात तो ५.० आहे. फरक खरा आहे. पण तो दिसायला मागे तेवढ्या ताकदीचे कार्ड लागते. माझ्या ३०६० बरोबर ७८०० बसवल्यावरच बहुधा कार्ड अडवू लागले असते, मग त्यापुढचा वेग मी कशावर पाहणार होते? दोघांच्या किमतीत दहा-अकरा हजारांचा फरक होता आणि त्यात रॅमचा जोड येत होता. दोन रात्री वहीत दोन्ही बाजूंनी आकडे मांडून ७८००एक्स३डी पक्का केला. सोळा कोअरचा ९९५०एक्स३डी येणार असल्याचे जानेवारीतच जाहीर झाले होते, पण त्यासाठी थांबण्याचा विचार मी केला नाही. तो माझ्या कामाचा नव्हता.

१५ फेब्रुवारीला, शनिवारी, सकाळी नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने निघून दादरला उतरले आणि पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड गाठले. संगणकाच्या सामानाच्या दुकानांसाठी लॅमिंग्टन रोडला जायचे तर रविवार टाळावा, बहुतेक दुकाने बंद असतात. निघण्यापूर्वी चार दुकानांना फोन करून भाव लिहून घेतले होते, त्यामुळे तिथे गोंधळ झाला नाही. पहिल्या दुकानात ‘ट्रे पीस’ घ्या, पाच हजार कमी लागतील, असा आग्रह झाला. ट्रे पीस म्हणजे खोक्याशिवाय सुटा आलेला प्रोसेसर. आत वस्तू तीच असते, पण बॉक्स पीसला मिळणारी तीन वर्षांची कंपनीची वॉरंटी त्याला मिळत नाही, जी काही हमी असेल ती दुकानदाराची. त्यात बिलही कच्चे मिळणार होते. मी नको म्हटले.

तिसऱ्या दुकानात सीलपॅक खोका मिळाला. वयस्कर दुकानदारांनी तो काउंटरवर ठेवला, बाजूच्या छोट्या खिडकीतून दिसणारा प्रोसेसर माझ्याकडे वळवला आणि स्वतःहून भिंग पुढे केले. "मॅडम, नंबर जुळवून घ्या." चिपच्या धातूच्या झाकणावर कोरलेला बारीक अनुक्रमांक आणि खोक्यावरच्या चिकटपट्टीवरचा क्रमांक मी अंक-अंक जुळवला, आणि तोच बिलावर लिहून घेतला. मदरबोर्डही तिथेच उघडून पाहिला. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, एकूण १,७१८. मोबाइलच्या दिव्यात तिरके पाहिले की त्या एखाद्या गालिच्यासारख्या सारख्या चमकल्या पाहिजेत; कुठे एखादी रांग काळपट किंवा वेगळ्या दिशेला चमकली, तर तिथे पिन वाकलेली असते. घरी गेल्यावर हे सापडले तर कुणी ऐकून घेत नाही.

प्रोसेसर ४०,८०० रुपये, बी६५० बोर्ड १५,६००, ६००० वेगाच्या डीडीआर५ रॅमचा १६ जीबीच्या दोन पट्ट्यांचा जोड १०,४०० आणि दोन पंख्यांचा टॉवर कूलर ३,४००, असे १८ टक्के जीएसटीसह एकूण ७०,२०० रुपये झाले. ७८००एक्स३डीच्या खोक्यात कूलर नसतो, तो खर्च आधीच धरावा. रॅमच्या चार पट्ट्या घेण्याचा मोह टाळावा, कारण एएम५ वर चारही जागा भरल्या की रॅमचा वेग बराच खाली येतो.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी भाऊ आणि मी जेवणाच्या टेबलावर सतरंजी अंथरून बसलो. प्रोसेसर सॉकेटवर अलगद ठेवायचा असतो, दाबायचा नाही. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळला की तो आपोआप बसतो. मग पोलादी दांडी खाली आणताना बऱ्यापैकी जोर लागतो, करकर असा आवाज येतो आणि काळे प्लास्टिकचे झाकण टपकन उडून बाहेर पडते. तो आवाज नेहमीचाच आहे हे आधी वाचले नसते तर मी तिथेच हात काढून घेतला असता. ते झाकण फेकू नये, बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर ते लावून पाठवावे लागते. आमचे बिलाच्या फाइलीत पाकिटात घालून ठेवले आहे.

दुपारी पावणेदोनला बटण दाबले. पंखे फिरले, बोर्डावरचा रॅमचा छोटा दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला. एक मिनिट गेले, दोन गेली. भाऊ बटणाकडे हात नेत होता, मी त्याला थांबवले. डीडीआर५ रॅमची पहिल्यांदा जुळणी होताना अनेक मिनिटे लागतात आणि त्या वेळी वीज बंद करणे बरे नाही, एवढे वाचलेले होते, पण त्या काळ्या पडद्यासमोर बसताना पोटात गोळा आला होता. चौथ्या मिनिटाला चित्र आले.

त्यानंतर लगेच पेन ड्राइव्हवरून बायोस, म्हणजे बोर्डाची स्वतःची मूळ आज्ञावली, अद्ययावत केला. एप्रिल २०२३ मध्ये काही बोर्डांवर एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटना घडल्या होत्या आणि तेव्हापासून नव्या बायोसमध्ये एसओसी व्होल्टेजला, म्हणजे प्रोसेसरमधल्या रॅम हाताळणाऱ्या भागाच्या व्होल्टेजला, १.३ व्होल्टची मर्यादा घातली आहे, म्हणून हे काम पुढे ढकलू नये. बायोस बदलला की जुनी सेटिंग पुसली जाते, तेव्हा एक्स्पो हे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारे प्रोफाइल त्यानंतर चालू करावे. ते केले नाही तर ६००० ची रॅम गुपचूप ४८०० वर चालत राहते आणि दिलेल्या पैशांचा काही भाग वाया जातो. एक्स्पो लावल्यावर व्होल्टेज १.२४ दिसले, ते वहीत नोंदवले.

बोर्ड बदलल्यामुळे विंडोज ‘सक्रिय नाही’ म्हणू लागले. माझा परवाना स्वतंत्र विकत घेतलेला होता आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याला आधीच जोडलेला होता, म्हणून हार्डवेअर नुकतेच बदलल्याचे निवडून दुसऱ्या प्रयत्नात ते मार्गी लागले. तयार संगणकासोबत आलेला परवाना जुन्या बोर्डालाच बांधलेला असतो; तो असणाऱ्यांनी नव्या परवान्याचे पैसे अंदाजपत्रकात धरावेत.

रात्री साडेआठला पुन्हा ओझरहून निघाले. तेच हवामान, तीच सेटिंग, १०८० रिझोल्यूशन. कसारा घाटावरून जाताना तक्त्याकडे मुद्दामच पाहिले नाही. घाटकोपरवर आले तेव्हा आकडा ४६ ते ४८ होता आणि पहिल्यांदाच खाली ‘लिमिटेड बाय जीपीयू’ असे लिहून आले, म्हणजे आता प्रोसेसर नव्हे तर कार्ड अडवत होते. विमान हाताबरोबर वळत होते. धावपट्टीच्या मधल्या रेषेवर चाके टेकली तेव्हा मागे उभा असलेला भाऊ काहीच बोलला नाही, फक्त खुर्ची ओढून शेजारी बसला. त्याच्या खेळात आता धुरातही १४४ च्या वरच आकडा राहतो.

जुना प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम मिळून २३ फेब्रुवारीला ९,००० रुपयांना गेले. एसएमपीएस बदलावा लागला नाही. उड्डाणात प्रोसेसर ५५ ते ६५ वॅट खातो आणि कार्डाचे १७० वॅट धरले तरी ५५० पुरेसे होतात. राहिली होती उन्हाळ्याची काळजी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी खोलीत ३६ अंश असताना दोन तासांचे उड्डाण करून पाहिले, तेव्हा तापमान ७९ च्या वर गेले नाही. या प्रोसेसरची मर्यादा ८९ आहे. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर तोवर धुळीचा पातळ थर बसला होता, तो ब्रशने काढल्यावर ते आणखी तीन अंशांनी उतरले. आता महिन्यातून एकदा जाळी साफ करते.